हौसेचा गळ आणि कोकणचा किनारा

कोकणच्या किनाऱ्यावर हौसेखातर मासे धरणे आणि हौसेखातर शिकार करणे या दोन गोष्टी एकेकाळी एकाच माणसाच्या एकाच सुट्टीत सामावत असत. आज त्यांपैकी शिकारीला कायद्याने पूर्ण मज्जाव आहे, तर गळ टाकून मासे धरण्याच्या हौसेला नियमांची चौकट अशी जवळजवळ नाहीच. महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा मुख्यतः मासेमारी नौकांची नोंदणी, त्यांचे परवाने, जाळ्यांचे प्रकार आणि मासेमारीची क्षेत्रे यांभोवती रचलेला आहे, त्यामुळे खडपावर, म्हणजे भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरील खडकांवर, गळ घेऊन उभा असलेला पर्यटक त्याच्या नजरेत फारसा येत नाही. किनारी पर्यटन वाढत असताना ही मोकळी जागा कोणत्या विचाराने भरायची, हा प्रश्न आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही.

पुढील संवाद सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण परिसरात ऐकू येणाऱ्या दोन भूमिकांमध्ये कल्पिलेला आहे. पहिली भूमिका तारकर्ली-देवबाग पट्ट्यात निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाची असून दुसरी मत्स्यशास्त्राच्या संशोधिकेची आहे. दोघेही गाबीत समाजातील, म्हणजे या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमार समाजातील, रापणकर घरांतून आलेले आहेत. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले आणि किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून दोन्ही टोकांनी ओढून घेतलेले लांब जाळे. तिच्यात मनुष्यबळ अनेकांचे असते आणि मिळालेल्या मासळीचे वाटेही अनेकांत होतात. तेव्हा समुद्रावर पोट असणे म्हणजे काय, हे दोघांनाही सांगावे लागत नाही आणि त्यांच्यातील मतभेद शहर विरुद्ध गाव अशा सोप्या चौकटीत बसत नाहीत.

व्यावसायिक : ताई, किनाऱ्यावर येणारा पर्यटक आज सिंधुदुर्ग किल्ला पाहतो, पाण्याखालची बुडी मारतो, माशाचे ताट जेवतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. गळ टाकायला येणारा माणूस मात्र भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून मुक्काम ठरवतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यावर असतो, आणि त्याला उधाण कधी नि भांग कधी हे सांगणारा, खाडीच्या मुखाशी मासा कोणत्या बाजूने शिरतो हे ठाऊक असणारा इथलाच माणूस बरोबर लागतो. रापणीचे उत्पन्न घटल्यामुळे ज्या जाणत्या लोकांचे ज्ञान वाया चालले आहे, त्यांना या हौसेतून मानाचा रोजगार मिळू शकतो. आणि एका दोरीला एक गरी, एका गरीला एक मासा, असे हे काम आहे. त्याने दर्याचे असे किती नुकसान होणार?

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. गरी म्हणजे गळाचा आकडा, आणि त्यावरून गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. व्यावसायिकाच्या युक्तिवादातील पहिला भाग निःसंशय खरा आहे, कारण भरतीची वेळ आणि माशाची वाट यांचे स्थानिक ज्ञान हे या हौसेचे खरे भांडवल असते आणि ते उपकरणांच्या दुकानात विकत मिळत नाही. दुसऱ्या भागाचा विचार मात्र अधिक बारकाईने करावा लागतो.

संशोधिका : दादा, गरीने दर्या रिकामा होतो असे कोणी म्हणत नाही. आपल्या समुद्रावरचा मोठा ताण कोठून येतो हे सर्वांना माहीत आहे. थव्याला चहूबाजूंनी वेढून खालून तोंड आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाला 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने निर्बंध घालावे लागले, आणि प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली, ती याच कारणाने. परंतु जाळे आणि गरी यांच्यात संख्येइतकाच निवडीचाही फरक आहे. जाळ्यात सरसकट सगळेच सापडतात. हौशी गरवणाऱ्याला मात्र सर्वांत मोठा मासा हवा असतो, त्याच्यासाठीच तो दूरवरून येतो, त्याच्याबरोबरच छायाचित्र काढतो. आणि मोठा मासा हा लहान माशाचाच वजनदार नमुना असतो हा समज काही जातींच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

या विधानाचा अर्थ कोकणातील तीन माशांवरून नीट उलगडतो, आणि हौशी मासेमारीच्या चर्चेत जीवशास्त्राला एवढे महत्त्व का द्यावे लागते हेही त्यावरून दिसते. जिताडा हा खाडीमुखाशी, खाजणात आणि नदीच्या निमखाऱ्या पाण्यात वावरणारा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो. काही वर्षे नर म्हणून जगून झाल्यावर, बरीच लांबी गाठल्यानंतर, त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे एखाद्या खाडीतील सर्वांत मोठे जिताडे हे बहुतेक माद्याच असतात, आणि अशी एकेक मोठी मादी प्रचंड संख्येने अंडी घालते. खडकाळ तळाशी राहणाऱ्या हेकरूच्या, ज्याला मालवणीत गोबरो म्हणतात, कुळात हाच क्रम उलटा असतो: तेथे मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर बनतो, त्यामुळे मोठे हेकरू निवडून काढले तर नरांचा तुटवडा पडतो. तांबोशीचे लिंग असे बदलत नाही, परंतु तिची पिल्ले कांदळवनाच्या मुळांत आणि खाड्यांत वाढतात व प्रौढ झाल्यावर बाहेरच्या खडकाळ समुद्राकडे जातात. म्हणून खाडीत गरीला लागणारी तांबोशी कितीही देखणी असली तरी पुष्कळदा अजून एकदाही न व्यालेली असते. तीन मासे, तीन निरनिराळ्या जीवनरीती, आणि तिन्ही ठिकाणी हौशी माणसाच्या निवडीचा घाव नेमक्या नाजूक जागी बसतो.

व्यावसायिक : मग हाच जिताडा ऑस्ट्रेलियात हौशी मासेमारीचा राजा कसा ठरला? तेथे त्याच्यासाठी लोक लांबून येतात, मार्गदर्शक, नौका, निवास असा मोठा व्यवसाय त्यावर उभा आहे, आणि मासा संपलेला नाही.

संशोधिका : संपलेला नाही, कारण तेथे हौसेला माप लावलेले आहे. क्वीन्सलंडमध्ये 58 सेंटिमीटरहून लहान जिताडा ठेवता येत नाही, आणि 120 सेंटिमीटरहून मोठाही ठेवता येत नाही. खालची मर्यादा सगळ्यांना पटते, पण खरे शहाणपण वरच्या मर्यादेत आहे. तिच्यामुळे मोठ्या माद्या पाण्यातच राहतात. शिवाय प्रजननाच्या काळात बंदी असते आणि एका माणसाने किती मासे ठेवावेत याचीही मर्यादा असते. तुम्ही तेथला व्यवसाय दाखवता, तेव्हा त्याच्याबरोबर हे माप आणि तपासणीही इथे आणायची तयारी हवी.

महाराष्ट्रात मापाची कल्पना अगदी नवीन आहे असे नाही. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान, म्हणजे ज्याहून लहान मासा पकडू नये अशी लांबी, ठरवून दिले आहे, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. तथापि हे नियम डोळ्यांपुढे जाळी, बंदरे आणि बाजार ठेवून केलेले आहेत. मोठ्या माशाला वाचवणारी वरची मर्यादा ही हौशी मासेमारीची खास गरज असून ती स्वतंत्रपणेच ठरवावी लागेल. येथे व्यावसायिक जो मार्ग सुचवतो तो जगभर लोकप्रिय आहे.

व्यावसायिक : वरची मर्यादा, खालची मर्यादा यांची गरजच पडू नये अशी सोय आहे. मासा धरायचा, मोजायचा, छायाचित्र घ्यायचे आणि परत सोडायचा. पाहुण्याची हौस भागते, मासा जगतो, आणि तोच मासा पुढच्या पाहुण्यालाही मिळू शकतो.

संशोधिका : सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे मानणे ही या हौसेतील सर्वांत सोयीची समजूत आहे. गरी ओठाला लागली, मासा पटकन आला, ओल्या हातांनी धरून पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडला, तर तो बहुधा जगतो. गरी घशात किंवा कल्ल्यात रुतली, तापलेल्या खडकावर ठेवून छायाचित्रे काढली, तर तो तुमच्यासमोर पोहत जातो आणि थोड्या वेळाने मरतो. हेकरूचे दुखणे आणखी वेगळे आहे. त्याच्या पोटात वायूची पिशवी असते. 30 मीटर खोलीवर तिच्यावर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो, त्यामुळे त्याला झपाट्याने वर ओढला की तीच पिशवी चौपटीपर्यंत फुगू पाहते, आतडी आणि डोळे बाहेर येतात, आणि सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. त्याला वजनाच्या साहाय्याने पुन्हा खोल नेऊन सोडण्याची साधने असतात, पण ती वापरायचा सराव लागतो. म्हणून खोल खडकांवर केवळ सोडण्यासाठी गरवणे या गोष्टीला माझ्या शास्त्राचा आधार नाही.

व्यावसायिक : तर मग उथळ पाण्यापुरतेच राहू. पाहुण्यांना आकड्याचे टोक आत वळलेल्या गोल गऱ्या देऊ, म्हणजे गरी गिळली तरी ती सहसा घशात न रुतता ओठाच्या कडेला अडकते. गरीच्या टोकामागचा उलटा काटा ठोकून बोथट करू. पण ताई, तुमचा आक्षेप खरोखर एवढाच आहे का? गावातल्या बायाबापड्यांना मासा धरून सोडणे हेच मुळात पटत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

संशोधिका : माहीत आहे, आणि त्यांचे म्हणणे बाजूला सारण्याजोगे नाही. ज्या घरात मासा हे रोजचे अन्न आणि रोजचा पैसा आहे, तेथे त्याला केवळ तडफडताना पाहण्यासाठी धरणे म्हणजे अन्नाशी खेळणे वाटते. ही भावना अडाणीपणाची नाही; उलट युरोपातील स्वित्झर्लंड आणि जर्मनी या देशांतही मासा खाण्याचा हेतू नसताना केवळ सोडण्यासाठी धरणे प्राणीक्लेशाच्या कायद्यात आक्षेपार्ह मानले जाते. खाण्यासाठी मध्यम आकाराचा एखादा मासा ठेवणे आणि तो मिळाला की गळ आवरणे, ही रीत मला सोडून देण्याच्या अखंड खेळापेक्षा अधिक सभ्य वाटते.

प्रस्तुत लेखाचा कल याच मताकडे आहे, मात्र त्याला एक कारण आणखी जोडावे लागते. हौशी माणूस आणि मच्छीमार यांच्यातील मूलभूत फरक कौशल्याचा किंवा साधनांचा नाही, तर रिकाम्या हाताने परतण्याच्या मुभेचा आहे. मच्छीमार रिकाम्या हाताने परतला तर इंधनाचे पैसे अंगावर येतात आणि चूल अडते. हौशी माणूस तसाच परतला तर त्याची सकाळ तरीही चांगली गेलेली असते. ज्याला संयम परवडतो त्याच्यावर संयमाचा भार आधी पडावा, हे न्यायाला धरून आहे, आणि म्हणून मच्छीमारावर अद्याप न लादलेले निर्बंधही हौशी माणसावर लादणे यात पक्षपात नाही. हौसेने धरलेला मासा विकण्यास संपूर्ण बंदी असावी, ही अट यातूनच येते. अन्यथा उपाहारगृहांना परस्पर मासा पुरवणारा हौशी माणूस हा परवाना नसलेला मच्छीमार होतो आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या स्त्रीच्या पुढ्यातले गिऱ्हाईक ओढतो.

शिकारीचा प्रश्न संवादात आला तो रानडुकराच्या निमित्ताने. त्याआधी कायद्याची स्थिती स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. मुंबई राज्याच्या 1951 च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने आणि बंद हंगाम होते. 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यानेही आरंभी काही प्राण्यांच्या परवानाधारी शिकारीला जागा ठेवली होती, आणि हौसेच्या शिकारीचे दार पूर्णपणे बंद झाले ते 1991 च्या दुरुस्तीने. त्यापूर्वीच्या काळाच्या खुणा किनाऱ्यावर अजूनही दिसतात. मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य हे जंजिरा संस्थानाच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते आणि 1986 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या पाणवठ्यांवर पूर्वी सावजाची वाट पाहत बसत, तेथेच आता वन्यप्राण्यांची गणना होते. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांचा प्रवासही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला, आणि 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी केलेला सुगरणीच्या घरट्यांचा आणि वीणेचा अभ्यास केवळ शांतपणे पाहत बसण्यातून काय मिळू शकते याचा आजही उत्तम नमुना आहे.

व्यावसायिक : पाणलाव्यांवर आणि बदकांवर छर्रे झाडण्याचे दिवस परत यावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण रानडुक्कर भातशेती आणि कंदमुळे एका रात्रीत उकरून टाकते, माकडे आणि वानर नारळ-काजू ठेवत नाहीत, आणि कित्येकांनी या कंटाळ्याने जमीन पडीक ठेवली आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका गावोगावी आहेत. डुक्कर मारायची परवानगी मिळणारच असेल, तर पैसे देणाऱ्या बाहेरच्या शिकाऱ्याला ती संधी देऊन त्या पैशातून शेतकऱ्याचे नुकसान भरून का काढू नये?

संशोधिका : कारण त्यामुळे शेतकऱ्याचा प्रश्न सुटणार नाही, फक्त त्याचा मालक बदलेल. कायद्याच्या अकराव्या कलमाखाली उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्याच्या शिकारीची परवानगी अधिकारी देऊ शकतो. त्या परवानगीचा हेतू उपद्रव थांबवणे हा आहे. ज्या दिवशी डुकरामागे पाहुण्याचे पैसे येऊ लागतील, त्या दिवसापासून डुकरे भरपूर राहावीत यात कोणाचा तरी फायदा गुंतेल, आणि तो फायदा शेत उकरले जाणाऱ्या माणसाचा नसेल. परवानगी खऱ्या गरजूला वेळेवर मिळत नाही ही तक्रार योग्य आहे. तिच्यावर उपाय परवानगीची वाट सोपी करणे हा आहे. आणि परवानगी मिळत नाही म्हणून लोक जी तारेची फासकी लावतात, ती डुकरासाठी लावलेली असली तरी तिच्यात बिबट्या अडकून तडफडतो, हे कोकणात पुन्हा पुन्हा घडलेले आहे.

या मुद्द्यावर संशोधिकेचे म्हणणे निर्णायक आहे आणि दुसऱ्या बाजूला तितकेच वजन देण्याचा आव आणणे अप्रामाणिक ठरेल. शेताचे रक्षण हे कष्टाचे आणि अप्रिय काम आहे. त्याला करमणुकीचा मुलामा दिला की परवानगी देणारा, ती मागणारा आणि पैसे मोजणारा या तिघांचे हेतू गढूळ होतात. सोडलेला मासा निदान काही वेळा जगतो. सुटलेली गोळी परत घेता येत नाही.

तथापि मासेमारी आणि शिकार यांच्यातील सीमा कायद्यात तितकीशी पक्की नाही, ही गोष्ट हौशी गरवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. वन्यजीव कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, फासात अडकवणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे या साऱ्यांचा समावेश होतो, आणि त्या कायद्याच्या अनुसूचींमध्ये काही समुद्री जीवही आहेत. 2001 मध्ये व्हेल शार्क, करवत माशासह शार्क आणि पाकटांच्या काही जाती, समुद्रघोडे आणि महाकाय हेकरू यांना असे संरक्षण देण्यात आले. म्हणजे खडपावरून टाकलेल्या गरीला महाकाय हेकरू लागला आणि तो आनंदाने उचलून घरी नेला, तर ते कृत्य मासेमारीचे राहत नाही, वन्यप्राण्याच्या शिकारीचे ठरते. पर्यटकाला मासे ओळखायला शिकवणारा स्थानिक मार्गदर्शक सोबत असणे ही म्हणूनच चैन नसून कायदेशीर गरज आहे.

व्यावसायिक : मग पावसाळ्याचे काय? जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौका बंद असतात, तेव्हा आमच्या खोल्याही रिकाम्या पडतात. त्या काळात किनाऱ्यावरून गरवणारे काही पाहुणे आले, तर बंदी मोडत नाही. शिवाय पहिल्या पावसाचे वळगणीचे मासे पाहायला शहरातले लोक उत्सुक असतात.

वळगण म्हणजे मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनी ओहोळ भरून वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढत शेतांकडे येतात तो काळ. हे मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात, पुष्कळांच्या पोटात गाबोळी असते, आणि गावकरी रात्री बत्त्या घेऊन ओहोळावर त्यांना धरतात. कोकणातील माणसाच्या आठवणीत या रात्रींना मोठे स्थान आहे, आणि ते कमी लेखण्याचे काही कारण नाही.

संशोधिका : 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक नौकांना लागू आहे हे खरे, परंतु ती त्या काळात ठेवण्यामागे वादळी समुद्राइतकेच माशांच्या प्रजननाचेही कारण आहे. पावसाचे गोडे पाणी खाडीमुखाशी आले की जिताडा तिथे येतो, तो विणीसाठी. मच्छीमाराने नौका ओढून ठेवायची आणि पाहुण्याने त्याच्या डोळ्यांदेखत गाभणी मादी खडपावर ओढायची, हे चालणार नाही. पावसाळी उधाणात खडपावरून माणसे ओढली जातात ते वेगळेच. वळगणीचे म्हणाल, तर गावात एका घराला एका वेळच्या कालवणापुरते मासे पुरतात, आणि ओहोळ कोणाचा, किती धरायचे, याला शेजारपाजारचे डोळे असतात. तीच रात्र तिकीट लावून दाखवायची ठरली की कालवणाची मर्यादा जाते, कारण पाहुण्यांच्या प्रत्येक तुकडीला मासा सापडलाच पाहिजे अशी तुमच्यावर जबाबदारी येते.

व्यावसायिक : ठीक आहे, वळगण सोडून देऊ. पण तुमच्या प्रत्येक नकारानंतर आमच्या हाती काय उरते तेही सांगा. कासवे पाहायला वेळासला लोक जातात, वेंगुर्ल्यात बचतगटाच्या बाया कांदळवनात होडीतून फिरवून आणतात, ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी पाहायला गर्दी होते, हे सगळे चांगलेच आहे. पण गळ हातात धरणाऱ्याला दुर्बिणीने समाधान होत नाही.

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर केवळ निसर्गदर्शनाच्या यशोगाथा सांगून देता येत नाही. वेळास येथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आणि पुढे त्यातून घरगुती निवासाचे उत्पन्न उभे राहिले, हे उदाहरण मोलाचे आहे. पण त्यात पाहणाऱ्याची भूमिका पाहण्यापुरतीच आहे. गळ टाकणाऱ्याचे आकर्षण निराळे असते: पाण्याखाली न दिसणाऱ्या जीवाच्या सवयी ओळखून त्याला बरोबर ठिकाणी, बरोबर वेळी गाठणे, यात एक प्रकारचे ज्ञान आहे आणि ते ज्ञान योग्य रीतीने वळवले तर संवर्धनाच्या कामी येते. कावेरी नदीवर याचा पुरावा आहे. तेथे गळ टाकणाऱ्यांच्या शिबिरांनी वर्षानुवर्षे राखलेल्या नोंदींवरूनच पाठीवर उंचवटा असलेला मूळचा महाशीर मासा घटत गेला आणि बाहेरून सोडलेल्या दुसऱ्या जातीने त्याची जागा घेतली, हे संशोधकांना दाखवता आले. 2018 मध्ये त्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

संशोधिका : म्हणूनच हातात गळाबरोबर वहीही असली पाहिजे. किती तास गरवले, कोणती जात लागली, लांबी किती, सोडली की ठेवली, आणि काहीच लागले नाही तर तेही. आपल्या खाड्यांतील जिताडा आणि तांबोशी यांची अशी सलग नोंद कोणापाशी नाही. आणि शिकाऊ पाहुण्याला थेट खाडीत नेण्याची गरज नाही. रायगडात पेण-अलिबागकडे खारभूमीतल्या गावतळ्यांत खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले वाढवण्याची जुनी पद्धत आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचे नियंत्रित प्रजनन यशस्वी केल्यापासून बीजासाठी खाडीवरच अवलंबून राहण्याचेही कारण उरलेले नाही. अशा तळ्यात गळ टाकावा, धरलेला मासा वजनाने विकत घ्यावा आणि त्याच अंगणात शिजवून खावा. तळ्याच्या मालकाला पैसे मिळतात, आणि मोठी मादी खाडीत राहते.

व्यावसायिक : तळ्याने सुरुवात होईल, पण तळ्यावर कोणी तिसऱ्यांदा येणार नाही. त्याला खाडी हवी असते. आपण देवबागच्या कर्ली खाडीचा एक पट्टा ठरवू, परवाना देऊ, वही ठेवू, तुटलेले तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, आणि शिशाची वजने परत मोजून घेऊ. परवाना मत्स्यव्यवसाय विभागाने द्यावा, म्हणजे वाद राहणार नाही.

संशोधिका : वाद तिथेच सुरू होईल. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, 29.122 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि त्यात 3.182 चौरस किलोमीटरचा गाभा; हेतू उत्तम होता, पण ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांना विश्वासात न घेतल्यामुळे येथील मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो अविश्वास अजून निवळलेला नाही. परवाना विभागाचा असू दे, पण खाडीवर तो कोणत्या दिवशी, किती जणांना आणि कोणत्या पट्ट्यात चालेल हे मच्छीमार सहकारी संस्थेने ठरवले पाहिजे, शुल्काचा वाटा तिच्याकडे गेला पाहिजे, आणि ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायकांचे पट्टे त्यातून आधीच वगळले पाहिजेत.

व्यावसायिक : संस्थेच्या हाती नकाराधिकार दिला तर एका निवडणुकीनंतर सगळे बंद पडू शकते. माणसाने नौका विकत घ्यायची, सागरी मंडळाची प्रवासी परवानगी काढायची, जीवरक्षक जाकिटे आणायची, आणि मग पुढच्या वर्षी नाही म्हणून सांगायचे? निदान तीन वर्षांची हमी हवी.

संशोधिका : हमी संस्थेने द्यावी, पण वहीतल्या आकड्यांवर. लांबीची सरासरी दोन हंगाम सलग घसरली तर पट्टा बंद, मग हमी कितीही वर्षांची असो. आणि हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू होऊन मेच्या मध्यावर संपेल.

व्यावसायिक : मेचा मध्य म्हणजे ऐन सुट्टीचा हंगाम, ताई. मेअखेरपर्यंत द्या, आणि शेवटच्या पंधरवड्यात एकही जिताडा न ठेवण्याची अट लिहून घ्या.

संशोधिका : ठेवण्याची नव्हे, धरण्याचीच नको. त्या पंधरवड्यात खाडीमुख सोडून वरच्या अंगाला बोय आणि काळुंदर या माशांवर गरवायचे असेल, तर विचार करता येईल; पण त्यासाठी आधी संस्थेच्या बैठकीत रापणकरांसमोर तुम्ही स्वतः उभे राहून हे सगळे मांडायला हवे.